ताई, नेमकं कुठे जाणवायला हवं?

मागच्या अंकात मी साधीच गोष्ट लिहिली होती, की माझ्या नाचाच्या क्लासमध्ये पहिली दहा मिनिटं आरशावर पडदा असतो, मुली जमिनीवर पाठ टेकून, गुडघे उभे ठेवून पडतात आणि मी फक्त प्रश्न विचारते, आत्ता कुठलं पाऊल जड वाटतंय, श्वास पाठीत कुठपर्यंत पोचतोय, मान कुठे आखडलीय. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की ह्या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. काहींना आवडलं, काहीजण चिडलेत, काहींनी फार बारीक प्रश्न विचारलेत आणि ते वाचून मलाच पुन्हा विचार करावा लागला. नावं नेहमीसारखीच देत नाहीये.

प्रश्न: ताई, मी सिंहगड रोडला भरतनाट्यमचे क्लास घेते, १४ वर्षं झाली. एका बॅचला १८ मुली, आठवड्यातून दोन दिवस, तासभर. अरैमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं) बसल्या की मी "गुडघे बाहेर, पाठ ताठ, पोट आत" हे सारखं सांगत असते. सांगितलं की दोन मिनिटं सुधारतं, अडवू (नाचाचे मूळ पदन्यास) संपेपर्यंत पुन्हा तेच. बॉडी अवेअरनेस वगैरे ऐकायला छान वाटतं, पण तासाभरात १८ जणींना जमिनीवर झोपवून श्वास बघायला लावला तर अडवू कधी घ्यायचे?

उत्तर: तुमची अडचण खरी आहे, तरी पुढच्या क्लासला एकच करून बघा. मुलींना म्हणा, तुमचा पाय धडाला जिथे जोडलाय तिथे बोट ठेवा. मी हे कितीतरी वर्षं विचारतेय आणि बहुतेक मुली कमरेच्या बाजूला, जिथे सलवारीची नाडी बसते त्या हाडावर हात ठेवतात. सांधा तिथे नाहीच! तो बराच खाली आहे, खुर्चीत बसल्यावर पोट आणि मांडी जिथे दुमडते ना, त्या जांघेच्या घडीच्या आत, खोलवर. आपल्याकडे त्याला चांगला शब्द आहे, खुबा, पण मुलींनी तो फक्त "आजी बाथरूममध्ये घसरली आणि खुबा मोडला" एवढ्यापुरताच ऐकलेला असतो, आपल्यालाही दोन खुबे आहेत आणि आपण रोज त्यांच्यावर नाचतो हे कुणी सांगितलेलंच नसतं. आणि "कंबर" हा आपला शब्द एवढा ऐसपैस आहे की त्यात पाठीचा खालचा भाग, दोन्ही बाजू, मागचा भाग सगळं येतं, त्यामुळे आपण "कमरेतून बस" म्हणतो आणि मुलगी पाठीच्या खालच्या मणक्यांतून वाकते. तिच्या डोक्यातल्या नकाशात सांधाच भलत्या जागी आहे, ती तरी काय करणार.

आता अरैमंडीकडे या. गुडघा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा, दुमडतो आणि सरळ होतो, दुमडलेला असताना जरासा फिरतो पण फार नाही. मांडी बाहेर फिरते ती खुब्यातून, कारण तिथे हाडाचा गोळा वाटीत बसलेला आहे. खुबा माहीत नसलेल्या मुलीने "गुडघे बाहेर" ऐकलं की ती पावलं जमिनीवर घासून आणखी बाहेर वळवते, मग घोटा आत कलंडतो, तळव्याची कमान बसते, गुडघ्याला पीळ पडतो आणि वर तोल सांभाळायला पाठीला बाक येतो. त्या बाकावर तुम्ही "पाठ ताठ" म्हणता, ती छाती पुढे काढते, बरगड्या उघडतात, बाक अजून वाढतो. एका चुकीची ही चार रूपं आहेत आणि आपण चारही वेगवेगळी सुधारत बसतो, म्हणून दोन मिनिटांत गाडी मूळ जागी येते.

मी काय करते ते लिहिते. पाठीवर झोपायचं, गुडघे उभे, डावा हात डाव्या बाजूच्या कमरेच्या पुढच्या टोकदार हाडावर. उजवा गुडघा अगदी हळू, मध जसा सांडतो तेवढ्या सावकाश बाहेर पडू द्यायचा आणि डाव्या हाताखालचं हाड जिथे उचलायला लागतं तिथे थांबायचं. तेवढंच आज तुझ्या खुब्यातलं फिरणं, त्यापुढचं सगळं उसनं आहे. मग उभं राहून पावलं तेवढीच उघडायची आणि बसायचं, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेत जातोय का ते बघायचं. ह्याला चार-पाच मिनिटं लागतात, तुमचा तास जात नाही. एक मात्र आधीच सांगते, १८ मुलींचे १८ कोन येतील, कारण वाटी कुठल्या बाजूला उघडते, मांडीच्या हाडाला किती पीळ आहे हे प्रत्येकीचं जन्माचं असतं आणि स्ट्रेचिंग करून हाड बदलत नाही. ग्रुपमध्ये सगळ्यांची पावलं एकसारखी दिसावी असं वाटणं साहजिक आहे, मलाही वाटतं, पण मी १९ वर्षांची असताना पावलं एका रेषेत आणायच्या हट्टापायी माझ्या डाव्या गुडघ्यातली गादी फाटली, त्यानंतर वर्षभर मी जिनासुद्धा एकेक पायरी करत उतरत होते. ज्यांनी हट्ट धरला त्यांना खुबा म्हणजे काय हे माहीत नव्हतं, त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून ह्या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. हुकूम द्यायच्या ऐवजी प्रश्न विचारा. "गुडघे बाहेर" म्हटलं की तुम्हाला १८ जणींकडे बघावं लागतं. "वजन आत्ता अंगठ्याकडे आहे की करंगळीकडे?" असं विचारलं की १८ जणी एकाच वेळी स्वतःकडे बघतात, तुमचं काम कमीच होतं! मग म्हणायचं, आता मुद्दाम पाऊल आत पाडा, परत उचला, परत पाडा. चुकीचं आणि बरोबर एकमेकांशेजारी ठेवलं की फरक कळतो, नुसतं बरोबर धरून ठेवून कळत नाही. फेल्डनक्रायस म्हणून एक होते (१९०४ ते १९८४), मूळचे फिजिक्सचे, ज्युडोतले ब्लॅक बेल्ट, स्वतःचा दुखावलेला गुडघा सांभाळता सांभाळता त्यांनी हालचालीतून शिकण्याची पूर्ण पद्धतच उभी केली, त्यांचा आग्रह हाच की हालचाल लहान करा, हळू करा, जोर कमी लावा, तरच बारीक फरक जाणवेल. हातात भाजीची जड पिशवी असताना कुणी त्यात कोथिंबिरीची जुडी टाकली तर आपल्याला कळत नाही, रिकाम्या तळहातावर लिंबू ठेवलं तरी कळतं, तसंच आहे हे. मुलगी पूर्ण ताकद लावून अरैमंडी धरून बसलीय तेव्हा तिला काहीही जाणवणार नाही.

जागा कुठे काढायची तर तट्टडवूच्या (पाय आपटायचा अडवू) पहिल्या कालात, म्हणजे सगळ्यात सावकाश लयीत. दोन आघातांच्या मध्ये तिथे भरपूर वेळ असतो, तो वेळ बहुतेक मुली वाट बघण्यात घालवतात, तिथे एक प्रश्न टाका. एका दिवशी एकच. दुसऱ्या-तिसऱ्या कालात अजिबात टाकू नका, तिथे नाचू द्या. माझ्या बॅचमध्ये फरक दिसायला अडीच-तीन महिने लागले हेही सांगून ठेवते, नाहीतर दोन आठवड्यांत सोडून द्याल.

प्रश्न: माझी मुलगी १२ वर्षांची, कोथरूडला कथक शिकते. मागच्या वर्षीपर्यंत चक्कर सुंदर घ्यायची, आता पाचव्या-सहाव्यालाच तोल जातो, पाय भलतीकडे पडतो. क्लासमध्ये "लक्ष नाही" असं ऐकावं लागतं, घरी येऊन रडते. गुडघ्याच्या खालीही दुखतं म्हणते. नाच सोडवायचा का? गांधर्वची परीक्षा तोंडावर आहे.

उत्तर: नाही हो, सोडवू नका, आणि तिला आजच जवळ घेऊन सांगा की तिचं काही चुकत नाहीये. तिची वर्षभरात उंची किती वाढली ते दारावरच्या पेन्सिलीच्या खुणा असतील तर बघा. मुलींमध्ये साधारण ११-१२ च्या आसपास वाढीचा जोर असतो, वर्षाला ७-८ सेंटीमीटरसुद्धा होतात, आणि तेही सगळं सारखं वाढत नाही, आधी पावलं, मग पाय, धड सगळ्यात मागून. म्हणजे ज्या पायावर ती गेल्या वर्षी फिरत होती तो पाय आता राहिलेलाच नाही. आपल्या स्नायूंत, सांध्यांत ताण मोजणारी बारीक यंत्रणा असते, डोळे मिटूनही हात कुठे आहे हे आपल्याला कळतं ते तिच्यामुळे, आणि मेंदू त्या जुन्या लांबीच्या हिशोबाने पाय टाकतो, पाय पडतो दोन बोटं पुढे. लक्ष असूनही पडतो. थोडे महिने जातात, नकाशा नवीन होतो.

गुडघ्याचं मात्र अंगावर काढू नका. गुडघ्याच्या वाटीच्या खाली पुढच्या बाजूला जो उंचवटा असतो तिथे बोट दाबलं की दुखत असेल तर वाढीच्या वयात नाचणाऱ्या, धावणाऱ्या मुलांना होणारा त्रास असू शकतो, ऑसगुड-श्लाटर म्हणतात त्याला, हाड भराभर वाढतं, मांडीचा पुढचा स्नायू मागे राहतो आणि त्याचं टोक त्या जागी ओढत राहतं. बहुतेकदा वाढ थांबली की शमतो. पण ते ठरवणं डॉक्टरचं काम, माझं नाही आणि तुमच्या क्लासचंही नाही, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच, सूज असेल, लंगडत असेल, रात्री दुखून जाग येत असेल तर लगेच. तोपर्यंत जोरातलं तत्कार (पाय आपटून बोल काढणं) आणि उड्या कमी. क्लासची फरशी कुठली आहे तेही बघा, हल्ली सोसायटीच्या हॉलमध्ये चकचकीत टाइल्स आणि खाली सरळ काँक्रीट, त्यावर पाय आपटला की झटका परत पायातच येतो, सतरंजी टाकून काहीही फरक पडत नाही. लाकडी फ्लोअर खाली पोकळी ठेवून बसवतात तो ह्याच कारणासाठी. आणि जिमचे जाड फोमचे मॅट घालू नका, पाऊल रुततं आणि चक्कर घेताना घोटा मुरगळतो.

चक्करचं घरी एवढंच करा. रोज दात घासताना एक मिनिट एका पायावर, मग दुसऱ्या. ते जमलं की भिंतीजवळ उभं राहून डोळे मिटून दहा आकडे, तळवा सारखा इकडेतिकडे डुलत तोल सांभाळतो तो तिला जाणवेल, तिला विचारा काय वाटलं, दुरुस्त काही करू नका. मग सावकाश अर्धं चक्कर, थांब, पाऊल कुठे पडलं ते आधी न बघता सांग, मग बघ. नजर एका जागी रोवून मान शेवटी सोडायची आणि आधी आणायची हे तिला येतच असणार, ते येत असूनही तोल जातोय म्हणजे गडबड खाली पावलात आहे. परीक्षा पुढच्या सत्रात दिली तर काहीही बिघडत नाही. आणि तिच्या ताईंशी बोला, भांडायला म्हणून जाऊ नका, उंचीचा आकडा घेऊन जा, बऱ्याच शिक्षिकांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

प्रश्न: मी कंटेम्पररी शिकतोय, वय २२. आरसा झाकायचा हे पटलं नाही. लाइन आतून बरोबर वाटते आणि व्हिडिओ बघितला की हात कुठेतरी भलतीकडेच. मग वाटण्यावर भरवसा कसा ठेवायचा?

उत्तर: ठेवायचाच नाही, निदान सुरुवातीला नाही! तू अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंयस. एफ. एम. अलेक्झांडर नावाचा ऑस्ट्रेलियन नट होता, जन्म १८६९ चा, स्टेजवर उतारे म्हणताना त्याचा आवाज बसायचा, डॉक्टरांना कारण सापडेना, तेव्हा त्याने आरशासमोर उभं राहून महिनोन्‌महिने स्वतःला बघितलं. बोलायला तोंड उघडलं की डोकं मागे आणि खाली ओढलं जातंय हे दिसलं. मग त्याने ते सुधारलं, सुधारल्यासारखं वाटलंही, आणि जास्त आरसे लावून बघितलं तर तो अजूनही तेच करत होता. सवयीची गोष्ट आपल्याला सरळच वाटते, हे त्याचं सगळ्यात मोठं निरीक्षण.

म्हणून मी आरसा फेकून दिलेला नाही, पडदा लावलाय. क्रम बदललाय फक्त. आधी डोळे मिटून हात खांद्याच्या उंचीला आण, मग तोंडाने सांग की कुठे आहे, खांद्याच्या वर, खाली, जरा मागे, आणि मग डोळे उघड. अंदाज आणि आरसा ह्यातलं अंतर रोज थोडं कमी होतं, शिकणं त्या अंतरातच आहे. सतत आरशात बघत नाचलास तर अंदाज बांधायची वेळच येत नाही आणि स्टेजवर समोर आरसा नसतो, काळोख असतो. मोबाइल लावायचा असेल तर बाजूने लाव, समोरून आपण सगळे स्वतःला आवडतील असेच उभे राहतो.

प्रश्न: अगं, तुझा कॉलम मी नेहमी वाचते म्हणून लिहिते, रागावू नकोस. मी सदाशिव पेठेत चाळीस वर्षं कथक शिकवलं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, गुरू करून दाखवायचे, आम्ही करायचो, तासन्‌तास तत्कार, पाय सुजेपर्यंत. हे जमिनीवर लोळणं, जाणिवा वगैरे परदेशातून आलेलं आहे आणि रियाज टाळायला मुलांना कारण मिळतं असं मला वाटतं.

उत्तर: बाई, रागावेन कशी, तुम्ही पत्र लिहिलंत ह्याचाच आनंद आहे. तुमचं अर्धं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. दोन तासांच्या वर्कशॉपमध्ये डोळे मिटून हात हलवायला लावायचे आणि त्याला नाच शिकवला म्हणायचं हे मलाही बघवत नाही, तंत्र हजारदा केल्याशिवाय अंगात उतरत नाही आणि जाणीव हा त्या हजाराला पर्याय नाहीच. माझं म्हणणं एवढंच की त्या हजारात मुलगी हजर असावी. मन घरी आणि पाय क्लासमध्ये अशा तत्कारात पायाला जी सवय लागते ती चुकीची असली तरी तेवढीच पक्की बसते, मग ती मोडायला दुप्पट रियाज लागतो, तुम्ही चाळीस वर्षांत अशा किती मुली दुसऱ्या क्लासमधून आलेल्या बघितल्या असतील.

परदेशातलं म्हणाल तर शरीर आतून जाणवून शिकण्याला सोमॅटिक्स म्हणतात, ते नाव तिकडचं खरंच, थॉमस हॅना ह्यांनी १९७६ मध्ये दिलेलं. पण "यतो हस्तस्ततो दृष्टिर्यतो दृष्टिस्ततो मनः" हे आपण सगळ्यांनी पहिल्या-दुसऱ्या वर्षी पाठ केलेलं आहे, अभिनयदर्पणातलं, हात तिथे नजर आणि नजर तिथे मन, आणि मनाच्या मागून भाव, रस. आपण ते परीक्षेत म्हणून दाखवतो आणि करताना विसरतो. पढंतही तेच नाही का, हाताने ताल, तोंडाने बोल, अंग अजून हलायचंच आहे, आधी लय आत बसवायची आणि मग पायात आणायची. तुम्ही मुलींकडून आयुष्यभर हे करून घेतलंत, मी त्याला फक्त आजचं नाव देतेय.

आणि आपल्या पुण्यातच बघा ना. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली इथे आले, मॉडेल कॉलनीतली त्यांची इन्स्टिट्यूट १९७५ ची, पट्टा, विटा, दोरी, भिंत वापरून पायाच्या तळव्यापर्यंत लक्ष न्यायला शिकवायची जी पद्धत त्यांनी घडवली ती शिकायला जगभरातून माणसं इथे येतात, मी क्लासमध्ये वीट आणि पट्टा वापरते ते तिथूनच उचललंय. रोहिणीताई भाटे, ज्यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती काढली, त्यांनी अमेरिकन नर्तकी इसाडोरा डंकनचं आत्मचरित्र मराठीत आणलं, ती इसाडोरा तासन्‌तास न हलता उभी राहायची, छातीच्या मध्यावर हात ठेवून, हालचाल शरीरात नेमकी कुठून उगवते ते शोधत. कथकमध्ये मुरलेल्या बाईंना ते मराठीत आणावंसं वाटलं ह्याचं मला फार अप्रूप वाटतं. आतलं आणि बाहेरचं असं काही वेगळं काढता येत नाही बाई, शरीर तर दोन्हीकडे एकच आहे.

पाय सुजेपर्यंतचं मात्र मला पटत नाही, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते. सूज म्हणजे शरीराने थांब म्हटलंय. तुमची पिढी टिकली, पण जे टिकले नाहीत त्यांची पत्रं आपल्याला येत नाहीत. एकदा क्लासला या, मुली तुम्हाला बघून सरळ बसतील आणि मला तुमच्याकडून विलंबितातलं तत्कार परत बघायचंय.

प्रश्न: मी पिंपळे सौदागरला हिपहॉप आणि कंटेम्पररी शिकवतो. मुलींच्या बॅचेस असतात, पोश्चर सुधारायला हात लावावा की नाही हे कळत नाही. न लावता जाणवणार कसं?

उत्तर: प्रत्येक वेळी विचारा, "खांद्याला हात लावू का", आणि नाही म्हणाली तर कारण विचारू नका. सुरुवातीला होकार दिला म्हणजे वर्षभराचा होकार झाला असंही नाही. तसं पाहिलं तर दुसऱ्याच्या हाताची गरज कमीच लागते. तिचाच हात तिच्या बरगड्यांवर ठेवायला सांगा, दोन्ही बाजूंनी, श्वासाबरोबर बोटं लांब जातात का ते तिलाच मोजू द्या. पाठ भिंतीला टेकवा, कुठे पोकळी राहते ते भिंत सांगते. ओढणी बरगड्यांभोवती गुंडाळून टोकं तिच्याच हातात दिली की श्वासाचा ताण ओढणीत कळतो. शिक्षकाच्या हाताने आलेला आकार शिक्षक गेला की जातो, त्यामुळे शिकवण्याच्या दृष्टीनेही हेच जास्त टिकतं. क्लासचा हा नियम पालकांनाही पहिल्याच दिवशी सांगून टाका.

प्रश्न: ताई, तुमचं वाचून मी दोन महिने सगळं आतून बघत रियाज केला, खूप मदत झाली. पण परवा कार्यक्रमात तिहाई (तीनदा म्हणून समेवर संपणारा तुकडा) घेताना मनात पाऊल, घोटा, श्वास असं सुरू झालं आणि सम (तालाची पहिली मात्रा) हुकली. आधी कधीच हुकली नव्हती. काय चुकलं?

उत्तर: चूक माझी, मी हे आधीच लिहायला हवं होतं. आतून बघणं हे शिकायच्या वेळचं, मोडून बघायच्या वेळचं काम आहे. बसलेली हालचाल वेगात करताना तिच्या भागांकडे लक्ष दिलं की ती अडखळते, जिना उतरताना एकेका पायरीचा विचार करायला लागलो तर कसं होतं तसं. ह्यावर गॅब्रिएल वुल्फ ह्यांनी बराच अभ्यास केलाय, १९९८ च्या त्यांच्या एका प्रयोगात स्कीइंगसारख्या हलत्या फळीवर लोकांना उभं केलं, काहींना सांगितलं पायांकडे लक्ष द्या, काहींना सांगितलं फळीखालच्या चाकांकडे द्या, आणि चाकांकडे लक्ष देणाऱ्यांचं जास्त चांगलं झालं. म्हणजे लक्ष शरीरापेक्षा शरीराने बाहेर जे घडतंय त्यावर.

आपल्या भाषेत सांगते. नवीन तुकडा घेताना "तळवा सपाट पडतोय का" हा प्रश्न ठीक. तो बसला की प्रश्न बदलायचा, "फरशीतून आवाज कसा निघतोय". पायाकडून आवाजाकडे. घुंगरू एकदम वाजून एकदम थांबले की पाऊल नीट पडलंच असणार, वेगळं बघायची गरज नाही. कार्यक्रमाच्या आधीचे दोन आठवडे मी मुलींना आतला एकही प्रश्न विचारत नाही, तेव्हा फक्त ताल, लेहरा (तालाचं आवर्तन धरणारी सुरावट), समोरचा माणूस, हाताच्या टोकाच्या पुढची जागा. बालगंधर्वच्या विंगेत उभं असताना एकदा पायांचे तळवे जमिनीला टेकलेले जाणवले, एक लांब श्वास सोडला, बस, शरीराकडे तेवढंच. मग तबलजीकडे कान दे. तुझी सम हुकली कारण तू मनापासून प्रयत्न केलास, पुढच्या वेळी पकडशील.

प्रश्न: मी २० वर्षांची, कथक करते आणि ढोल पथकातही आहे. गणपतीच्या आधी दोन महिने संध्याकाळी नदीकाठी सराव असतो, तिथून थेट क्लास. पाठ इतकी आखडते की आमद (कथकमधला प्रवेशाचा तुकडा) घेताना श्वासच वर अडकतो. ताई, दोन्ही सोडायचं नाहीये.

उत्तर: कशाला सोडायचं, दोन्ही कर! ढोल कमरेला बांधला की वजन पुढे येतं, ते तोलायला आपण मागे झुकतो, खालच्या पाठीला बाक पडतो आणि तू तास-दोन तास तशीच वाजवतेस, तेच अंग घेऊन क्लासमध्ये उभी राहतेस. ढोल काढलास तरी पाठीला ते माहीत नसतं, ती अजून ढोल धरूनच असते. तर क्लासला पोचलीस की कुणाशी न बोलता सात-आठ मिनिटं पाठीवर पड, पोटऱ्या खुर्चीवर ठेव, दोन्ही हात खालच्या बरगड्यांवर. श्वास घ्यायचा प्रयत्न नको, सोडताना पूर्ण सोड, आतला आपोआप येतो. पाठीचा खालचा भाग जमिनीकडे उतरायला लागतो, तो उतरला की मगच ऊठ, कुशीवर वळून.

आणि वाजवताना एकदा स्वतःला विचार, गुडघे ताठ लावून उभी आहेस का. बहुतेक जण लावतात. जरासे सैल सोड, खुबे कुठे आहेत ते वर लिहिलंय, तिथून वजन पायात जाऊ दे, पाठीवर कमी येईल. ढोलाचा पट्टा वर पोटावर न बांधता खाली, हाडांवर बसेल असा बांध. टिपरू धरलेला खांदा कानाकडे चढतो, दर आवर्तनानंतर एकदा खाली सोड. पाठीचं दुखणं पायात उतरायला लागलं किंवा मुंग्या आल्या तर ढोल खाली ठेवून डॉक्टर, त्यात हयगय नको. आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी क्लासला नाही आलीस तरी चालेल, तुझ्या ताईंना हा अंक दाखव.